वावरात टॉवर येतोय? या चुका टाळा

सौरऊर्जेच्या नावाने उच्चदाबाच्या लाइनी गावागावांतून निघाल्या आहेत, आणि तेच ते घोटाळे निस्तरून आता वैताग आलाय.

सगळ्यात महागात पडते ती पहिल्याच चेकवर केलेली सही. टॉवरचं काम तीन खेपांत होतं: पाया, उभारणी, तार ओढणं. दर खेपेला पीक तुडवलं जातं. आर्वीकडच्या एका शेतकऱ्याने पायाच्या वेळी कपाशीचा चेक घेतला आणि कागद न वाचताच सही ठोकली. कागदावर होतं, ‘पूर्ण व अंतिम मोबदला मिळाला’. पुढच्या हंगामात तार ओढणाऱ्यांचा ट्रॅक्टर तुरीतून गेला, तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने तोच कागद दाखवला. पिकाची भरपाई वेगळी आणि जमिनीचा मोबदला वेगळा, हे त्याला तेव्हा समजलं! मी दर खेपेला तलाठ्यासमोर पंचनामा करायला लावतो, धुरा (बांध) दिसेल असा फोटो काढतो आणि सहीजवळ ‘फक्त या टप्प्याच्या पिकापुरते’ असं लिहवून घेतो. वेळ जातो. ज्याला चेक आजच पाहिजे, त्याने मला विचारूच नये.

मोजणीतही तसंच. केंद्राच्या जून 2024 च्या सूचनांनुसार टॉवरखालच्या जागेला जमीनमूल्याच्या 200 टक्के मोबदला आहे. ही जागा म्हणजे नुसते काँक्रीटचे ठोकळे नव्हेत. चार पायांमधली सगळी जागा, वर चारही बाजूंनी एकेक मीटर. पायांत 14 मीटर अंतर असेल तर 196 नाही, 256 चौरस मीटर भरते. टेप घरचा न्या. तारांखालच्या पट्ट्याचे दर वेगळे असतात. राज्याचा शासन निर्णय तहसीलमध्ये मागा, व्हॉट्सॲपवरचा आकडा नको.

‘सरकारकडे पैसाच नाही’ हे ऐकून गप्प बसू नका. ग्रीन एनर्जी कॉरिडॉर म्हणजे सौर-पवन वीज वाहून नेणाऱ्या लाइनींची योजना; तिच्या पहिल्या टप्प्यात राज्यांतर्गत लाइनींना 40 टक्के केंद्राचं अनुदान, 40 टक्के जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज आणि 20 टक्के राज्याचं भांडवल होतं. मोबदला प्रकल्पाच्या खर्चातच धरलेला असतो.

नुसतं काम अडवून रक्कम वाढत नाही. या लाइनींना लागू असलेल्या जुन्या तार (टेलिग्राफ) कायद्याच्या कलम 16 खाली रकमेचा वाद जिल्हा न्यायाधीशांकडे जातो, तिथे कागद लागतात.

तारेखाली नवं घर बांधू नका.

आणि सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पाला जमीन दिल्याचं भाडं, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, तो हिशेब टॉवरला लावून कर्ज काढू नका. टॉवरचा मोबदला दरवर्षी येत नाही.