आत्महत्येचा विचार कसा ओळखावा, कसा विचारावा आणि मदत कुठे शोधावी

हे वाचताना तुमच्याच मनात जीव संपवण्याचे विचार चालू असतील, तर बाकीचं नंतर वाचा. आत्ता 14416 या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ती चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक लागला नाही तर 1800-891-4416 लावा. फोन करेपर्यंत एकटे राहू नका. घरातल्या कुणाजवळ तरी जाऊन बसा आणि एवढंच म्हणा : ‘‘मला स्वतःची भीती वाटतेय, माझ्याजवळ थांब.’’ कारण सांगायची गरज नाही. आणि कुणी स्वतःला इजा करून घेतलीच असेल, तर 112 किंवा 108 वर फोन करा, किंवा थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. पेशंट बरा दिसतो, बोलतो म्हणून घरी थांबून वाट पाहू नका. काही विषारी पदार्थांचा आणि औषधांचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो. जे घेतलं असेल त्याची बाटली किंवा पाकीट सोबत न्या. घरच्या घरी उलटी करवू नका.

बदल पाहायचा

एकट्या चिन्हावरून फारसं कळत नाही. झोप बिघडणं, चिडचिड, गप्प राहणं हे कुणाचंही होतं. पाहायचं असतं ते हे, की हा माणूस एरवी कसा असतो आणि गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत काय बदललं. दोन-तीन बदल एकत्र आले आणि त्यांच्या जोडीला अलीकडचा मोठा घाव असला, की लगेच बोलायला हवं. घाव म्हणजे जवळच्याचा मृत्यू, नातं तुटणं, नोकरी जाणं, कर्ज, नापास होणं, चारचौघांत झालेला अपमान, गंभीर आजाराचं निदान.

बोलण्यात दोन सूर विशेष धोक्याचे. पहिला ओझ्याचा : ‘‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’’, ‘‘मी नसले की सुटाल तुम्ही.’’ दुसरा कोंडीचा : ‘‘यातून मार्गच नाही’’, ‘‘आता सहन होत नाही’’, ‘‘जगण्यात काही राम उरला नाही.’’ हसत हसत म्हटलेलं असलं तरी ते ऐकल्याची नोंद घ्या. ‘जो बोलतो तो करत नाही’ ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे जीव गेलेत. आत्महत्येने गेलेल्यांपैकी अनेकांनी आधी कुणाजवळ तरी, आडून का होईना, ते बोलून दाखवलेलं असतं.

वागण्यात काय दिसतं? जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकणं, कारण नसताना कागदपत्रं, बँकेचे तपशील, देणीघेणी आवरणं, जुन्या माणसांना अचानक फोन करून निरोप घेतल्यासारखं बोलणं. दारू एकाएकी वाढते. दारू दुःख वाढवते आणि हात आवरणारी सारासार बुद्धीही सैल करते, म्हणून ती वाढली की धोकाही वाढतो. मरणाची साधनं शोधणं किंवा जवळ साठवणं हे तर थांबून विचार करण्याचं चिन्हच नाही, त्याच दिवशी हालचाल करायची.

झोपेकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून वेगळं सांगतो. रात्रीमागून रात्र डोळा न लागणं आणि त्याच्या जोडीला आतली तगमग, एका जागी बसवत नाही अशी येरझार, ही जोडी येत्या काही दिवसांतला धोका दाखवते. नुसतं उदास, मंदावलेलं माणूस आपल्या नजरेत भरतं. तगमगणारं माणूस ‘टेन्शनमध्ये आहे’ म्हणून सोडून दिलं जातं.

आणखी एक बदल हमखास फसवतो. आठवडेच्या आठवडे खचलेला माणूस एकाएकी शांत, हलका, प्रसन्न दिसू लागतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. उपचारांनी येणारा आराम सहसा हळूहळू, चढउतार होत येतो. कारण न दिसता एका दिवसात आलेली शांतता कधी कधी मरण्याचा निर्णय झाल्यामुळे आलेली असते. अशा वेळी विचारल्याशिवाय राहू नका.

वयाप्रमाणे चित्र बदलतं. किशोरवयात उदासीपेक्षा संताप, अभ्यासात घसरण, अंगावरच्या जखमा लपवणारे लांब बाह्यांचे कपडे पुढे येतात. म्हातारपणी चालू औषधं बंद करणं आणि ‘‘आता माझं काय उरलंय’’ हे वाक्य दिसतं, आणि घरचे ते वयाच्या खात्यावर टाकतात. बाळंतपणानंतर आई दिवसचे दिवस झोपली नाही, असंबद्ध बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर तो तातडीचा आजार आहे; त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

पूर्वी केलेला आत्महत्येचा प्रयत्न हा धोक्याचा सर्वांत ठळक इशारा आहे, मग तो कितीही ‘किरकोळ’ वाटलेला असो. ‘लक्ष वेधून घेण्यासाठी केलं’ असं म्हणून तो मोडीत काढू नका. लक्ष हवं होतं, तर ते द्या.

थेट विचारा

या सगळ्यात माणसं अडखळतात ती इथे. विचारलं तर डोक्यात नसलेला विचार भरवला जाईल, ही भीती असते. तसं होत नाही, हे अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट ज्याच्या मनात तो विचार आहे त्याला पहिल्यांदाच कुणीतरी भेटतं, ज्याच्यापुढे तो बोलता येतो.

जागा अशी निवडा जिथे कुणी ऐकणार नाही आणि तुम्हाला उठून जायची घाई नसेल. समोरासमोर जमत नसेल तर शेजारी बसून किंवा चालता चालता बोला. सुरुवात तुम्ही पाहिलेल्या गोष्टीने करा : ‘‘गेले पंधरा दिवस तू जेवत नाहीस, रात्री जागा असतोस, परवा म्हणालास की सगळं संपलं. इतका त्रास होत असताना कधी कधी माणसाच्या मनात आत्महत्येचा विचार येतो. तुझ्या मनात येतो का?’’ वडीलधाऱ्यांना हेच ‘तुम्ही’ म्हणून, तितक्याच सरळपणे विचारता येतं.

‘‘तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’’ असं कधीही विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आधीच ठरवून दिलेलं असतं. समोरचा ‘‘नाही’’ म्हणतो, तुमची समजूत पटते आणि दार बंद होतं.

‘‘हो’’ आलं, तर पुढचे प्रश्न एकेक करून विचारायचे. जगभर वापरल्या जाणाऱ्या कोलंबिया प्रश्नावलीत हाच क्रम आहे आणि तो सामान्य माणसालाही वापरता येतो : झोपावं आणि उठूच नये असं वाटतं का? स्वतःला मारून टाकण्याचा विचार येतो का? कसं करायचं याचा विचार केलाय का? तसं करण्याचा इरादा आहे का? कधी, कुठे याची तयारी केलीय का? आणि शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच, आधीची उत्तरं काहीही असोत : याआधी कधी प्रयत्न केलाय का, किंवा करायला निघून थांबलायस का? ‘हो’ असेल तर, ते गेल्या तीन महिन्यांत झालं का?

पहिल्या दोनच प्रश्नांना होकार असला तर काही दिवसांत तज्ज्ञाची भेट व्हायला हवी. पद्धत ठरली असेल तर ती लवकरात लवकर, शक्यतो दुसऱ्याच दिवशी. इरादा, तयारी किंवा अलीकडचा प्रयत्न यांपैकी काहीही निघालं, तर माणसाला एक क्षणही एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर धोका जास्त आहे असं धरून चाला.

उत्तर ऐकताना तुमचा चेहरा आणि आवाज शांत ठेवा. मधल्या शांततेत बोलायची घाई करू नका. ‘‘मुलांचा तरी विचार कर’’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण ज्याला आपण मुलांवरच ओझं आहोत असं वाटतंय त्याला ते आणखी खोल ढकलतं. ‘‘इतरांचे हाल बघ’’ हेही तसंच. त्याऐवजी : ‘‘हे मला सांगितलंस, बरं केलंस. किती दिवस एकट्याने सोसतोयस? आपण मिळून मदत घेऊ.’’

शपथ घ्यायला लावू नका. ‘‘माझी शपथ, असं काही करणार नाही म्हण’’ यातून तुम्हाला दिलासा मिळतो, त्याला संरक्षण मिळत नाही; पुढच्या वेळी शपथ मोडल्याच्या अपराधापायी तो तुमच्यापासूनच लपवेल. आणि गुप्ततेचं वचनही देऊ नका. सरळ सांगा : ‘‘हे चारचौघांत जाणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला मी सांगेन.’’

घर सुरक्षित करणं

टोकाची तीव्र इच्छा लाटेसारखी येते आणि बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते. त्या वेळात साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो. ‘एक वाट बंद केली तर दुसरी शोधेल’ हा समज बहुतेकांच्या बाबतीत खरा ठरत नाही. म्हणून ज्या पद्धतीचा विचार त्याने बोलून दाखवलाय, ते साधन सर्वांत आधी घराबाहेर न्या. कीटकनाशकं, शस्त्रं, साठलेली औषधं घरात लपवू नका, कारण घरातल्या जागा घरातल्या माणसाला माहीत असतात. ती दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा. चालू औषधं एका व्यक्तीकडे राहू द्या आणि डॉक्टरांना थोड्याच दिवसांची लिहून द्यायला सांगा. दारूही हलवा. हे चोरून करण्यापेक्षा सांगून करणं बरं : ‘‘हे दिवस जाईपर्यंत हे माझ्याकडे राहू दे.’’

कागदावरचा आराखडा

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला सुरक्षा आराखडा, म्हणजे लाट आली की काय करायचं याची आधीच लिहिलेली यादी, एका पानात मावतो. तो तज्ज्ञासोबत भरणं उत्तम, पण भेट लांब असेल तर तोवर घरीही भरायला घ्या. क्रम असा : लाट यायला लागल्याची माझी स्वतःची खूण, एकट्याने करता येईल असं काही, मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, ज्यांना त्रास उघडपणे सांगता येईल अशी माणसं, डॉक्टर, हेल्पलाइन आणि रुग्णालय यांचे क्रमांक, आणि साधनं दूर ठेवण्याची व्यवस्था. एका पायरीने भागलं नाही तर पुढची, आणि जीव धोक्यात वाटला तर थेट पाचवी, म्हणजे डॉक्टर, हेल्पलाइन किंवा रुग्णालय.

आराखडे फसतात ते मोघमपणाने. ‘मन रमवेन’ हे निरुपयोगी. ‘गच्चीवर न जाता खालच्या अंगणात वीस फेऱ्या मारेन, मग ताईला फोन’ हे उपयोगी. ताई फोन उचलेल का, रात्री दोनलाही उचलेल का, हे तिलाच आधी विचारा. शब्द त्या माणसाचे असू द्या, कागदाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये ठेवा.

कुणाकडे जायचं

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. निदान करतो, औषधं देतो, दाखल करून घेऊ शकतो. आत्महत्येचा विचार आहे म्हटल्यावर पहिली भेट शक्यतो त्याचीच घ्या. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसोपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. समुपदेशकाची मदत मोलाची आहे, पण तीव्र धोक्यात एकटी पुरेशी नाही. यांतलं कुणीच जवळ नसेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडे जा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चौकशी करा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइनही आहे.

वेळ मागताना ‘‘जरा डिप्रेशन आहे’’ म्हणालात तर दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळेल. म्हणा : ‘‘आत्महत्येचे विचार आहेत, आज किंवा उद्या दाखवायचं आहे.’’ सोबत चालू औषधांची यादी, पूर्वीचे कागद, झोप आणि दारूचा तपशील, आणि काय काय बोलणं झालं ते तारखेसह लिहून न्या. माणूस तयार नसेल तर ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ या भीतीशी वाद घालत बसू नका. ‘‘झोप येत नाही, त्यासाठी तरी जाऊ’’ ही वाट खरी आहे आणि चालते. इरादा आणि तयारी असेल तर मात्र संमतीची वाट न पाहता 112.

पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षेऐवजी उपचार आणि पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

औषधं सुरू झाल्यावर

नैराश्यावरच्या औषधांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला आणखी वेळ लागतो. ‘आठ दिवस झाले, फरक नाही’ म्हणून बंद करू नका. पंचवीस वर्षांखालच्या रुग्णांवर पहिल्या काही आठवड्यांत बारीक लक्ष हवं, कारण काहींमध्ये अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तसं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मन सावरण्याआधी अंगात शक्ती येते, हा काळही जपायचा.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पुढचे तीन महिने सर्वांत जोखमीचे असतात, आणि नेमके याच वेळी नातेवाईक पांगतात. पुढच्या भेटीची तारीख सुट्टी मिळतानाच, शक्यतो सात दिवसांच्या आतली घ्या. अमेरिकेत जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांना फक्त छोटी, आपुलकीची पत्रं पाठवली. त्यात कसलीही मागणी नव्हती. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. तेव्हा दोन ओळींचा निरोप पाठवा, ‘‘आठवण आली, उत्तर दिलंच पाहिजे असं नाही’’ असा, आणि तो पुढच्या महिन्यातही पाठवता यावा म्हणून मोबाइलमध्ये आत्ताच आठवण लावून ठेवा.