हळदीतून कर्क्युमिन वेगळे करताना

वनस्पतींतील रंगद्रव्यांवर काम करू इच्छिणाऱ्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना मी पहिला प्रकल्प म्हणून हळदच सुचवतो: तिच्यातून कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य शुद्ध रूपात वेगळे करायचे. कच्चा माल सांगलीच्या बाजारात सहज मिळतो आणि रंग डोळ्यांना दिसत असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावर काय घडते आहे हे कळत राहते. मात्र अर्क काढणे हा या कामाचा सोपा भाग आहे, आणि बहुतेक नवखे विद्यार्थी तेवढ्यावरच समाधान मानतात, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

तयार पूड घेऊ नये; तिच्यात मेटॅनिल यलोसारखा कृत्रिम रंग असू शकतो. अख्खी, वाळलेली हळकुंडे आणून स्वतः दळावीत. ही पूड सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हा पुन्हा पुडीतून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात) आधी हेक्झेनने धुतली, की टर्मेरोनयुक्त सुगंधी तेल बरेचसे निघून जाते, आणि मग ॲसिटोनने किंवा इथेनॉलने काढलेला अर्क चिकट न राहता लवकर घट्ट होतो. हेक्झेन अत्यंत ज्वलनशील आहे, म्हणून हे काम धूरकपाटातच (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच) करावे आणि जवळपास उघडी ज्योत ठेवू नये. साधारण हळदीत कर्क्युमिनवर्गीय द्रव्ये वजनाच्या 2 ते 5 टक्के असतात; त्यामुळे 100 ग्रॅम पुडीतून 10 ग्रॅम अर्क मिळाला, तर त्यात तेल आणि राळ शिल्लक आहे असे खुशाल समजावे.

खरा प्रश्न यानंतर उभा राहतो. हळदीचा पिवळा रंग एका द्रव्याचा नसून तिघांचा असतो: कर्क्युमिन, डीमिथॉक्सिकर्क्युमिन आणि बिसडीमिथॉक्सिकर्क्युमिन. तिघांची घडण एकच. फरक एवढाच की पहिल्यात दोन मिथॉक्सी (–OCH₃) गट असतात, दुसऱ्यात एक आणि तिसऱ्यात एकही नाही. हे तीन वेगळे करायला सिलिकाची बारीक पूड भरलेली उभी नळी, म्हणजे स्तंभ, वापरतात; तिच्यातून द्रावक सोडला, की सिलिकाला कमी चिकटणारे द्रव्य आधी खाली उतरते. शेजारच्या मिथॉक्सी गटाशी फिनॉलचा (–OH गटाचा) हायड्रोजन आतल्या आत बांधला गेला, की सिलिकाला पकडायला तो तितकासा मोकळा राहत नाही. म्हणून कर्क्युमिन स्तंभातून सर्वांत आधी उतरते आणि बिसडीमिथॉक्सिकर्क्युमिन सर्वांत शेवटी. हे कारण समजून घेतलेल्या विद्यार्थ्याला द्रावकाचे प्रमाण पाठ करावे लागत नाही, ते तो स्वतः ठरवू शकतो.

स्तंभ भरण्याची घाई करू नये. आधी टीएलसीवर (सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर) क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल 95:5 या प्रमाणात घेऊन तीन ठिपके स्वच्छ वेगळे होतात का ते पाहावे आणि पट्टी 366 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशातही तपासावी, कारण साध्या डोळ्यांना न दिसणारा फिकट ठिपका तिथे चमकतो. स्तंभावर मिथेनॉलचे प्रमाण शून्याच्या जवळून सुरू करून अगदी सावकाश वाढवावे. स्तंभावर दिसणाऱ्या दोन रंगीत पट्ट्यांच्या मधले मिश्र अंश मोह न ठेवता बाजूला काढावेत आणि पुन्हा स्तंभावर चढवावेत. केवळ स्फटिकीकरणाने तिघांचे मिश्रण सुबक नारिंगी-पिवळ्या स्फटिकांच्या रूपात मिळते, परंतु ते शुद्ध कर्क्युमिन नव्हे.

हळद आणि चुन्यापासून कुंकू होते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, आणि प्रयोगशाळेतही अल्कलीत कर्क्युमिन असेच लाल होते. पण त्या अवस्थेत ते टिकत नाही. उदासीन किंवा किंचित अल्कली द्रावणात 37 अंश सेल्सियसला अर्ध्या तासात त्याचा बहुतांश भाग विघटित होतो. म्हणून काचेची भांडी साबणाचा अंशही राहणार नाही अशी धुवावीत आणि द्रावण प्रकाशापासून जपावे.

शुद्धता ठरवताना 425 नॅनोमीटरच्या आसपासच्या शोषणावर विसंबू नये. तिन्ही द्रव्ये त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतात, त्यामुळे तो आकडा एकूण प्रमाण सांगतो. वेगवेगळे प्रमाण एचपीएलसीच (उच्च दाबाने द्रावक ढकलून घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) दाखवते. 183 अंश सेल्सियसच्या जवळचा तीक्ष्ण द्रवणांक हा त्यासोबतचा स्वस्त पुरावा आहे. अर्क उद्योगातील गुणवत्ता विभागात जाऊ पाहणाऱ्यांनी या तिन्ही चाचण्यांच्या नोंदी, हाती आलेल्या मालाच्या वजनासह, व्यवस्थित जपाव्यात. शिवाय वजन स्थिर होईपर्यंत नमुना निर्वात भट्टीत वाळवण्याची सवय लावावी, कारण खाद्यरंगात उरलेल्या द्रावकाला ठरलेली मर्यादा असते आणि ती ओलांडणारा माल, एरवी कितीही शुद्ध असला, तरी नाकारला जातो.