सर्वोत्तम क्वार्टरबॅक कोण? भांडायचंच तर नीट भांडा

अमेरिकन फुटबॉलमधला सर्वोत्तम क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू) कोण, हा वाद चाहत्यांमध्ये सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत ‘रिंगा मोजा’ म्हणणारा एकजण निघतोच. म्हणजे ज्याच्या बोटांत सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएल या मुख्य लीगच्या अंतिम सामन्याच्या, विजयाच्या अंगठ्या जास्त, तो थोर. अशा माणसाशी लगेच वाद घालू नका. आधी त्याला विचारा, तुला नक्की काय ठरवायचंय? पूर्ण कारकीर्द? ऐन भरातला खेळ? की आज एकच सामना जिंकायचाय, तर चेंडू कुणाच्या हातात देशील? जुन्या क्वार्टरबॅकांपैकी माझा मेहुणा डॅन मरिनोवाला, मी जो मोंटानावाला. आम्ही वर्षानुवर्षं तावातावाने दोन वेगळ्याच प्रश्नांवर भांडत आलो आहोत.

पूर्ण कारकीर्द म्हटली तर फार वेळ घालवू नका. टॉम ब्रेडी. २३ हंगाम, ७ विजेतेपदं, ६४९ टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास, ८९,२१४ यार्ड. आणि हे सगळं २००० च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) १९९व्या क्रमांकावर निवडलेल्या पोराने केलं. इथे कुणी दुसरं नाव घेतलं, तर ते ऑटो ग्रॅहमचं असेल तरच ऐकून घ्या. क्लीव्हलँड ब्राउन्सकडून १९४६ ते १९५५ असे दहा हंगाम खेळला, दहाही वर्षी अंतिम सामन्यात पोचला आणि सात जिंकला. त्यातली चार विजेतेपदं एनएफएलची नव्हेत, एएएफसी नावाच्या प्रतिस्पर्धी लीगची. समोरचा हे काढणारच. तेव्हा उत्तर तयार ठेवा: १९५० मध्ये ब्राउन्स एनएफएलमध्ये आले आणि पहिल्याच वर्षी तिथलंही विजेतेपद घेऊन गेले.

आता रिंगा. त्यांचा फुगा फोडायला ब्रेडीचीच उदाहरणं वापरा, म्हणजे तुम्ही जळता असं कुणी म्हणणार नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये त्याने पहिला सुपर बोल जिंकला, तेव्हा त्याच्या पासचे यार्ड होते १४५. समोरच्या रॅम्सचा दमदार हल्ला ब्रेडीच्या पेट्रियट्स संघाच्या डिफेन्सने १७ गुणांवर रोखला आणि शेवटच्या क्षणी विनातिएरीच्या किकने सामना खिशात घातला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच ब्रेडीने ५०५ यार्ड टाकले, तीन टचडाउन दिले, एकही इंटरसेप्शन (विरोधकाने पकडलेला पास) नाही, आणि ईगल्सकडून ४१-३३ असा हरला. आधीच्या सामन्याची अंगठी मिळाली, नंतरच्याची नाही. फेब्रुवारी २०१५ ची तर कमालच. सिअ‍ॅटल गोल लाइनपासून एका यार्डावर, ब्रेडी बाकावर बसलेला, आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलर नावाच्या नवख्या बचावपटूने त्यांचा पास पकडून सामना वाचवला. ती अंगठी मोजताना बटलरला किती वाटा द्यायचा, हे समोरच्यालाच ठरवू द्या.

शिवाय पहिला सुपर बोल जानेवारी १९६७ चा. फक्त सुपर बोल मोजले, तर जॉनी युनायटसची १९५८ आणि १९५९ ची विजेतेपदं हवेत विरतात आणि ग्रॅहमच्या नावावर शून्य उरतं.

मग ‘संघ चांगला होता म्हणून जिंकला’ हा मुद्दा येतो. यासाठी दोन्ही बाजूंची उदाहरणं पाठ हवीत. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. मॅट कॅसलने कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून एकाही सामन्याची सुरुवात केली नव्हती, तरी त्याच्यासोबत पेट्रियट्सनी ११ सामने जिंकले. झालं, ब्रेडीविरोधक खूश. पण २०२० मध्ये ब्रेडी टँपा बेला गेला. आदल्या वर्षी ७-९ (७ विजय, ९ पराभव) असलेला तो संघ विजेता झाला, आणि ब्रेडीविना पेट्रियट्स स्वतः ७-९ वर आले. यातलं एकच उदाहरण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आकडे वेगवेगळ्या काळांतले असतील, तर सरळ तुलना करूच नका. युनायटसचे कारकिर्दीत २९० टचडाउन आणि २५३ इंटरसेप्शन. आज असा आकडा घेऊन आलात तर हसतील. पण त्याच्या काळात बचावपटू रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) मैदानभर ढकलत असत. १९७८ मध्ये नियम बदलले, पाच यार्डांपलीकडे धक्का देणं बंद झालं, क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाइनमनना हात पसरून अडवायची मुभा मिळाली, आणि पासिंगचे आकडे फुगायला लागले. त्यामुळे मी एकच माप लावतो: आधीचा विक्रम किती अंतराने मोडला?

इथे मेहुणा जिंकतो. १९८४ च्या आधी एका हंगामातल्या टचडाउन पासचा विक्रम होता ३६. डॅन मरिनोने टाकले ४८. थेट एक तृतीयांश वाढ! नंतर पेटन मॅनिंगने २००४ मध्ये ४९, ब्रेडीने २००७ मध्ये ५०, मग २०१३ मध्ये पुन्हा मॅनिंगने ५५ केले. म्हणजे मरिनोचा विक्रम मोडायला वीस वर्षं लागली, तोही एकाच टचडाउनने. आणि ‘त्याला नवे नियम मिळाले’ म्हणणाऱ्याला सांगा, तेच नियम १९८४ मध्ये लीगमधल्या प्रत्येकाला मिळाले होते. ऐन भरातला खेळ विचाराल तर माझं मत मरिनोला. त्याने सुपर बोल जिंकला नाही, मान्य. पण तो प्रश्न निराळा.

पासर रेटिंग (पासच्या कामगिरीचे गुण) तोंडावर फेकणाऱ्यापासून सावध राहा. ती चार गोष्टींवर बेतलेली आहे: पूर्ण झालेले पास, यार्ड, टचडाउन, इंटरसेप्शन. धावणं नाही, सॅक (पास टाकण्याआधीच पाडलं जाणं) नाही, फंबल (हातातून चेंडू सुटणं) नाही. कमाल १५८.३, आणि सगळे पास जमिनीवर आपटले तरी ३९.६ मिळतात! आणि हो, आपल्या माणसाचं इंटरसेप्शन म्हणजे रिसीव्हरची चूक, दुसऱ्याचं म्हणजे त्याचा मूर्खपणा. आपला तो बाब्या, हे इथे अगदी सर्रास चालतं. कुणी असं केलं की तिथल्या तिथे पकडा.

एका सामन्यासाठी मी मोंटाना घेतो. चार सुपर बोल, चार विजय, १२२ पास, ११ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. जानेवारी १९८९ मध्ये बेंगल्सविरुद्ध तीन गुणांनी मागे असताना शेवटच्या तीनेक मिनिटांत त्याने संघाला ९२ यार्ड पुढे नेऊन सामना जिंकला. त्याआधी त्याने गर्दीतला नट जॉन कँडी सहकाऱ्यांना दाखवला, असं सांगतात. किस्सा झकास आहे, पण पुरावा म्हणून वापरू नका. समोरचा जाणकार असेल तर म्हणेल, स्टीव्ह यंगनेही मोंटानाच्याच फोर्टीनायनर्स संघाकडून एका सुपर बोलमध्ये सहा टचडाउन टाकले. ते खरंय, आणि त्यावर माझ्याकडे अजून चोख उत्तर नाही.

शेवटी आजच्या पिढीतल्या पॅट्रिक महोम्सचा चाहता येईल. फेब्रुवारी २०२१ मध्ये महोम्स ब्रेडीकडून ३१-९ हरला, हे लगेच तोंडावर मारू नका. त्याला राखणारे दोन्ही मूळ टॅकल त्या दिवशी जायबंदी होते. एवढंच सांगा: महोम्सकडे २९व्या वर्षी तीन विजेतेपदं होती, ब्रेडीकडेही तीनच. तिसऱ्या विजेतेपदानंतर ब्रेडी दहा वर्षं कोरडा राहिला, आणि उरलेली चार ३७व्या वर्षी आणि त्यानंतर जिंकली.