आफ्रिकन सिक्लिड आणि मोठे कॅटफिश एकाच टाकीत पाळताना या चुका टाळा

पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवरात कंपांगो नावाचा कॅटफिश, म्हणजे मिशाळ मासा, राहतो. तो जवळजवळ एक मीटर लांब होतो आणि अंधार पडल्यावर ज्या माशांची शिकार करतो, त्यांत आपण हौसेने पाळतो ते रंगीबेरंगी सिक्लिड मासेही असतात. तरीही त्या सरोवरात दोघे एकत्र टिकून आहेत, कारण रात्री शिरायला सिक्लिडांना खडकांच्या असंख्य कपारी मिळतात आणि सुमारे सातशे मीटर खोल पाण्यात एका माशाची घाण दुसऱ्याला बाधत नाही. चार फुटांच्या काचेच्या टाकीत या दोन्ही गोष्टी आपल्याला मुद्दाम निर्माण कराव्या लागतात. सिक्लिड भांडखोर असतात हे सर्वांना ठाऊक असते आणि बहुतेकांची सारी तयारी त्या भांडणांसाठीच असते. माझ्या अनुभवात मात्र अशा टाक्यांमधले बरेचसे मासे भांडणात मरत नाहीत. ते रात्री गिळले जातात किंवा अमोनियाने दगावतात.

पिल्लू पाहून कॅटफिश घेणे

सर्वांत महागात पडणारी चूक दुकानातच होते. तांबड्या शेपटीचे, पांढऱ्या पोटाचे, बोटभर लांबीचे रेडटेल कॅटफिशचे पिल्लू कोणालाही मोह पाडेल असे असते. हा मासा ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतला असून पूर्ण वाढीत एक मीटरच्या पुढे जातो. भरपूर खाणे मिळाले तर पहिल्याच वर्षात तो फूटभराचा होतो आणि त्याच सुमारास टाकीतले यलो लॅब, डेमासोनी आणि पीकॉक हे सिक्लिड एकेक करून दिसेनासे होऊ लागतात. टायगर शॉव्हेलनोज या कॅटफिशची गत हीच आहे. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगास शिकारीच्या बाबतीत तितका घातक नसला, तरी तो मेकाँग नदीतला, कळपाने राहणारा आणि मीटरभर वाढणारा मासा आहे. घाबरला की तो काचेवर आदळून तोंड फोडून घेतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते आणि आपल्या घरांच्या मानाने ती प्रचंडच म्हणायची. पण मीटरभर लांबीच्या माशाला दोन फुटांच्या रुंदीत धड वळताही येत नाही. म्हणून या तिघांपैकी एकही मासा सिक्लिडांच्या टाकीत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावातल्या ‘आफ्रिकन’ या शब्दावर विसंबणे हीदेखील चूकच आहे. आपल्याकडे ‘थायी मागूर’ म्हणून ओळखला जाणारा मासा मुळात आफ्रिकन कॅटफिशच आहे. तो अत्यंत खादाड आहे आणि त्याच्या संवर्धनावर भारतात २००० सालापासून बंदी आहे.

सिक्लिडांच्या सोबतीला खऱ्या अर्थाने शोभणारे कॅटफिश सिनोडॉन्टिस कुळातले असतात. टांगानिका सरोवरातला ठिपकेदार मल्टिपंक्टेटस घरच्या टाकीत साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, सिक्लिडांना मानवणाऱ्या क्षारयुक्त पाण्यातच तो जन्मलेला असतो आणि सिक्लिडांच्या दांडगाईला तो पुरून उरतो. मोठाच मासा हवा असेल, तर पंखासारख्या पाठपराचा फेदरफिन घ्यावा. त्याची लांबी ३० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे त्याच्याबरोबर बोटाएवढी पिल्ले न ठेवता वाढलेले सिक्लिड ठेवावेत आणि दोन फेदरफिन असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र गुहा द्यावी. उलटे पोहणारा छोटा नायग्रिव्हेंट्रिस याच कुळातला असला, तरी तो काँगो खोऱ्यातल्या मृदू पाण्याचा मासा आहे आणि एम्बुना म्हणजे मलावीच्या खडकांत राहणाऱ्या दांडग्या सिक्लिडांपुढे त्याचा निभाव लागत नाही.

मल्टिपंक्टेटसबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. सिक्लिडची मादी अंडी घालून ती तोंडात घेत असताना हा मासा मध्येच घुसून आपली अंडी तिच्या अंड्यांत मिसळतो. ती परकी अंडी आधी फुटतात आणि बाहेर पडलेली पिल्ले यजमान मादीच्या तोंडातच तिची संतती खाऊन वाढतात. कोकिळेची ही रीत पाण्यातही आहे, हे पाहताना थक्क व्हायला होते. पण ज्यांना सिक्लिडांची पैदास करायची आहे, त्यांनी हा मासा वेगळ्या टाकीत ठेवावा.

पाण्याचा सामू पाहायचा आणि अमोनिया विसरायचा

मलावी सरोवराच्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) साधारण ७.७ ते ८.६ असतो आणि टांगानिकाचा त्याहूनही अधिक, नऊच्या आसपास असतो. मुंबई-पुण्याला धरणांतून येणारे नळाचे पाणी मृदू असते, तर दख्खनच्या कातळातून येणारे बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते. म्हणून नळाच्या पाण्यासाठी फिल्टरमध्ये कोरलचा चुरा भरून सामू वाढवण्याची पद्धत आहे. पद्धत योग्यच आहे, परंतु तिचा दुसरा परिणाम फारसा कोणी सांगत नाही.

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी मुक्त अमोनिया हेच खरे विष आहे. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस असेल, तर सामू ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की तो सुमारे पाच टक्के होतो आणि ८.५ ला पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे मृदू पाण्यातल्या टाकीत जी घाण मासे निमूट सोसतात, तीच सिक्लिडांच्या टाकीत दहा ते तीसपट घातक ठरते. त्यात फूटभर लांबीच्या, मांसाहारी, जाडजूड कॅटफिशची भर पडली की छोटा टॉप फिल्टर पुरा पडणे अशक्य असते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. तिच्यात एखादा फेदरफिन आणि सिक्लिडांचा मध्यम कळप ठेवायचा असेल, तर चांगला कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद फिल्टर) किंवा सम्प (खालच्या वेगळ्या टाकीतला फिल्टर) आणि आठवड्याला तीस ते चाळीस टक्के पाणी बदलणे हे किमान समजावे.

येथे एक सापळा आहे आणि त्यात अनुभवी माणसेही सापडतात. पाणी महिनोन् महिने बदलले नाही की त्यातले क्षार खर्ची पडून सामू हळूहळू उतरतो, फिल्टरमधले जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचत जातो. सामू कमी असल्यामुळे मासे मात्र वरवर ठीक दिसतात. मग एके रविवारी मालक उत्साहाने अर्धी टाकी रिकामी करून ताजे, क्षारयुक्त पाणी भरतो, सामू एकदम चढतो, साचलेला अमोनिया विषारी रूपात येतो आणि संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. दोष ताज्या पाण्याला दिला जातो, पण कारण त्याआधीच्या महिन्यांत असते. अशा दुर्लक्षित टाकीत आधी अमोनिया आणि सामू दोन्ही मोजावेत, दोन दिवस खाणे बंद ठेवावे आणि अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारे द्रावण) घातलेले, त्याच तापमानाचे पाणी रोज दहा टक्के या बेताने बदलत जावे.

उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांवर गेले की त्यात विरघळणारा प्राणवायूही घटतो. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप तयार ठेवावा.

रात्रीचा विचार न करता मांडणी आणि खाणे

दगडांची रास टाकीच्या निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत न्यावी आणि तिच्यात कॅटफिशचे डोके शिरणार नाही अशा अरुंद फटी भरपूर असाव्यात. दगड आधी तळाच्या काचेवर टेकवून मग वाळू घालावी, कारण सिक्लिड वाळू उकरतात आणि कॅटफिश धक्के देतो. वाळूवर रचलेली रास एखाद्या रात्री काचेवर कोसळते. हीटरला जाळीचे आवरण हवेच.

खाण्याच्या बाबतीत दिवसा कॅटफिशसाठी टाकलेली कोळंबी किंवा चिकन सिक्लिडच फस्त करतात. शेवाळ खरवडून खाणाऱ्या एम्बुनांना असा आहार सोसत नाही. त्यांचे पोट फुगते, विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी होते आणि मासा वाचणे कठीण जाते. म्हणून दिवसा सर्वांना स्पिरुलिना हे शेवाळ असलेले खाणे द्यावे आणि दिवा मालवून अर्धा तास झाल्यावर कॅटफिशसाठी बुडणाऱ्या गोळ्या टाकाव्यात. पोट भरलेला कॅटफिश रात्री शेजाऱ्यांच्या वाटेला कमी जातो.

सकाळी मासा मेलेला किंवा नाहीसा झालेला दिसला तर

घाईने कॅटफिशला दोष देऊ नये. मासा मागमूस न ठेवता नाहीसा झाला असेल आणि कॅटफिशचे पोट टम्म असेल, तर संशयाला जागा आहे. पण अर्धवट खाल्लेले शव दिसले, तर मासा आधीच मेला असण्याची शक्यता अधिक असते आणि अशा वेळी पहिली चाचणी पाण्याचीच करावी. पर कुरतडलेला, वरच्या कोपऱ्यात दडून बसणारा मासा दुसऱ्या सिक्लिडने छळलेला असतो. अंगावर एका बाजूला खरवडल्यासारखा फिकट डाग दिसला, तर ‘टाकी साफ करणारा’ म्हणून आणलेल्या सकर फिशकडे पाहावे, कारण उपाशी सकर रात्री संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो.

औषध देताना, कॅटफिशच्या अंगावर खवले नसतात हे लक्षात ठेवून, तांबे किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधे निम्म्या मात्रेपासून सुरू करावीत. सिनोडॉन्टिसला कधीही जाळीने पकडू नये. त्याचे काटे ताठ होऊन जाळीत अडकतात. त्याला प्लास्टिकच्या डब्यात हाकलून उचलावे.

टाकीत न मावणारा मासा नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नये. उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आज जे सकर मासे सापडतात, ते मुळात दक्षिण अमेरिकेतले, शोभेच्या माशांच्या व्यापारातून येथे आलेले आहेत. मासा आवाक्याबाहेर वाढू लागला असे दिसताच, तो हातात धरता येतो तोवरच, मोठी टाकी किंवा हौद असलेल्या पाळणाऱ्याचा शोध सुरू करावा. मीटरभराचा रेडटेल घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही.