आधी चारा, मग शेळी : दहा गुंठ्यांतलं घरचं खाणं

माणदेशात घरालगत आमची दहा गुंठे जागा आहे. भाजी, अंडी आणि चहापुरतं दूध विकत आणायचं नाही असं ठरवलं, आणि पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर बाजारातून चार शेळ्या आणल्या. शिमग्यापर्यंत बांधावरचं गवत संपलं. चैत्रात दोन शेळ्या पडेल भावात विकल्या, त्यातली एक गाभण होती. तिला टेम्पोत चढवताना आत्याबाई घरात निघून गेल्या. म्हणून कळकळीनं सांगते, जनावर सगळ्यात शेवटी आणा.

पहिलं पाणी. पाचशे चौरस फूट पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ४६ लिटर पाणी होतं. पत्र्याला पन्हळ लावा, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, मग टाकीत घ्या. न्हाणीचं पाणी केळीला, अळूला.

मग चारा. मोठी शेळी दिवसाला तीन-चार किलो ओला चारा खाते, वाळलेला वेगळा. दोन शेळ्या धरल्या तर रोज सहा ते आठ किलो, आणि तोही मे महिन्यात हवा. मी चार गुंठे चाऱ्यालाच दिलेत : मधे दशरथ घास, कडेनं शेवरी आणि हादगा. झाडांचा एक पावसाळा जाऊ द्या, मगच विळा लावा. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट सुगीतच भरून ठेवा. तेव्हा शेजारी नुसतं न्या म्हणतात, उन्हाळ्यात पैसे देऊनही मिळत नाही.

पाला खाली टाकू नका. तुडवलेल्या, लेंडी लागलेल्या चाऱ्याला शेळी तोंड लावत नाही. पेंडी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगा. ती मान वर करून एकेक पान ओरबाडते, मागे नुसत्या काटक्या राहतात. त्या चुलीला.

भाजीला एक गुंठा पुरतो, पण कुंपण पक्कं हवं. मेथी एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरला की ताटात खंड पडत नाही.

कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून द्यायचीच. मानमोडी (राणीखेत रोग) आली तर खुराडं बघता बघता रिकामं होतं. एका बाटलीत पुष्कळ डोस असतात, म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळून बर्फात ठेवून आणा आणि कालवल्यावर लगेच संपवा.

एवढं जमलं की दोन उस्मानाबादी पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, घ्या. बोकड पाळू नका, गावात असतोच. गाभण राहिली की पाच महिन्यांनी शेळी विते, बहुतेकदा जुळी. गोठा भाजीच्या वरच्या अंगाला आणि आडापासून लांब बांधा, म्हणजे लेंडीखताची पाटी उतारानं खाली न्यायला सोपी जाते. खत मात्र खड्ड्यात कुजवूनच घाला. ताज्या लेंड्यांनी आमची मिरचीची रोपं करपली होती.