गॅस फर्नेसला डक्ट जोडताना या चुका टाळा

फर्नेस म्हणजे गॅस जाळून घर गरम करणारं यंत्र, आणि डक्ट म्हणजे त्याला जोडलेल्या हवेच्या नळ्या. त्या जोडणाऱ्याचं सगळं लक्ष गरम हवेच्या बाजूला असतं. वरच्या प्लेनमच्या (फर्नेसवरच्या हवेच्या पेटीच्या) सांध्यातून हाताला ऊब लागली की तो सांधा पुन्हा बंद केला जातो. रिटर्नची, म्हणजे घरातली हवा परत फर्नेसकडे आणणारी बाजू मात्र ‘तिथून कुठे गरम हवा जातेय’ म्हणून तशीच राहते. खरा धोका त्या रिटर्नमध्ये असतो, म्हणून सुरुवात तिथून करतो.

ब्लोअर, म्हणजे फर्नेसचा पंखा, घरातली हवा रिटर्नमधून ओढतो, हीट एक्स्चेंजर या ज्योतीने तापणाऱ्या धातूच्या कप्प्याच्या बाहेरून फिरवतो आणि सप्लायमधून, म्हणजे गरम हवेच्या डक्टमधून, खोल्यांत ढकलतो. ज्योत हीट एक्स्चेंजरच्या आत जळते आणि तिचा धूर धुराड्याच्या नळीने बाहेर जातो. श्वासाची हवा आणि जळालेला वायू या दोन वाटा कुठेही एक होता कामा नयेत. रिटर्नला फट असेल तर ब्लोअर फर्नेसच्या खोलीतलीच हवा खेचू लागतो. खोली लहान आणि दार बंद असेल तर तिथला दाब उतरतो आणि धुराड्यातून वर जाणारा वायू उलटा खाली येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. इंधनाच्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणून त्याची गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. आणि तोच ब्लोअर हा वायू निजायच्या खोल्यांपर्यंत पोहोचवतो.

‘आमचा फर्नेस बंदिस्त ज्वलनाचा आहे, बाहेरची हवा घेतो,’ असं कुणी म्हणेल. धोका कमी झाला हे खरं, पण शेजारी साध्या धुराड्याचा गॅस गिझर असेल तर वायू त्याच्या धुराड्यातून उलटा येतो. सप्लायचंही तसंच आहे. ती बाजू घराबाहेर किंवा माळ्यावर गळत असेल तर घरातली हवा कमी पडते आणि दाब पुन्हा उतरतो. म्हणजे सप्लायच्या गळतीने फक्त बिल वाढतं, हा समजही अर्धाच खरा.

रिटर्नच्या बाजूला सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फिल्टरची उघडी खाच. फिल्टर बसवून झाकण लावायचं राहून जातं आणि इंचभर रुंदीची लांबलचक फट फर्नेसला अगदी खेटून उघडी राहते. ब्लोअर तिथेच सर्वांत जोरात ओढतो. झाकण नसेल तर आजच करून घ्या. दुसरी चूक म्हणजे फर्नेसच्याच खोलीत रिटर्नची जाळी बसवणं. अमेरिकेची निवासी बांधकाम संहिता सांगते, की त्या जागेत दुसरं ज्वलनाचं उपकरण असेल तर त्याच्या उघड्या ज्वलनकक्षापासून रिटर्नचं तोंड किमान १० फूट लांब हवं. गॅरेज, न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातून रिटर्न घेऊच नये. तिसरी चूक जुन्या घरांतली: जमिनीखालच्या दोन तुळयांमधल्या पोकळीला पत्रा ठोकून तिचाच रिटर्न करतात. लाकडाच्या त्या सांध्यांतून हवा कुठून कुठून येते याचा पत्ता लागत नाही. तिथे पत्र्याचा खरा डक्ट घाला.

जोडकामात स्क्रू हवेत, पण ते डक्टच्या कॉलरमध्ये, फर्नेसच्या अंगात अंदाजाने नव्हे. फर्नेसच्या पेटीत लांब स्क्रू मारला किंवा ड्रिल आत घुसलं, तर कूलिंग कॉइल (एसीची हवा थंड करणारी नळ्यांची जाळी), तिचा पाण्याचा ट्रे, वायरी किंवा हीट एक्स्चेंजर भोसकला जाऊ शकतो. कंपनीच्या पुस्तिकेत भोक कुठे पाडायचं याचं चित्र असतं, ते आधी बघा. गोल डक्टच्या प्रत्येक जोडाला सारख्या अंतरावर किमान तीन स्क्रू लावा. नळीचं चुण्या पाडून अरुंद केलेलं टोक हवेच्या दिशेने पुढच्या नळीच्या आत जायला हवं. उलटं बसवलं की प्रत्येक जोड हवेला अडवतो.

कापडी डक्ट टेप नावाला डक्ट टेप आहे, डक्टवर ती टिकत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने सांधे बंद करायची साधनं उष्णतेत तपासली, तेव्हा हीच टेप निकामी ठरली. तिचा गोंद सुकतो, कड सुटते आणि काही काळाने सांधा पुन्हा उघडा पडतो. त्याऐवजी मॅस्टिक, म्हणजे सांधे बुजवायची घट्ट लुकण, ब्रशने जाड थरात लावा. पाव इंचाहून मोठी फट असेल तर आधी फायबरची जाळी, मग मॅस्टिक. टेपच लावायची झाली तर यूएल १८१ (डक्टसाठीचं अमेरिकी सुरक्षा मानक) छाप असलेली फॉइल टेप घ्या आणि पत्रा आधी पुसून कोरडा करा.

आता आकाराची चूक. ती सांध्यातून दिसत नाही, म्हणून सहसा सापडतही नाही. फर्नेस पेटतो, काही मिनिटांत बर्नर विझतो, ब्लोअर चालूच राहतो, थोड्या वेळाने बर्नर पुन्हा पेटतो. बहुतेक जण लिमिट स्विच, म्हणजे फार तापल्यावर बर्नर बंद करणारा स्विच, बदलतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! हवा पुरेशी फिरत नाही, हीट एक्स्चेंजर तापतो आणि स्विच आपलं काम चोख करतोय. हे रोज होत राहिलं तर धातू तापून-गार होऊन तडकतो आणि मग धूर सरळ हवेत मिसळतो.

हिशोब सोपा आहे. फर्नेस हवेला देतो ती प्रत्यक्ष उष्णता तासाला ७६,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) धरा आणि हवेच्या तापमानात ५० अंश फॅरनहाइट वाढ हवी आहे. ५० ला १.०८ या हवेसाठी ठरलेल्या गुणकाने गुणलं की ५४. ७६,००० भागिले ५४, म्हणजे मिनिटाला साधारण १,४०० घनफूट हवा. रिटर्नच्या मुख्य डक्टमध्ये वेग मिनिटाला ७०० फूट ठेवायचा तर २ चौरस फूट जागा लागते, म्हणजे १२ बाय २४ इंच. १४ इंची गोल नळी जोडली तर वेग १,३०० फुटांच्या वर जातो. मग घरभर घोंघाट सुरू होतो आणि ब्लोअर धापा टाकतो.

तपासायला दोन मापं पुरतात. पहिलं तापमानातली वाढ. फर्नेसच्या पाटीवर तिची मर्यादा छापलेली असते, समजा ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट. रिटर्नमध्ये ६८ आणि सप्लायमध्ये १४० आले तर वाढ ७२, म्हणजे हवा कमी आहे. थर्मामीटर हीट एक्स्चेंजरच्या थेट समोर धरू नका, त्याची धग आकडा फुगवते. दुसरं माप डक्टमधला दाब. तो ‘इंच पाणी’ या एककात मोजतात, म्हणजे तो दाब पाण्याला किती इंच उचलेल. घरगुती फर्नेस बहुधा एकूण ०.५ इंच पाण्याच्या दाबासाठी ठरवलेले असतात. रिटर्नला ०.४५ ओढ आणि सप्लायला ०.२५ ढकल असेल तर बेरीज ०.७० होते. इथे ओढीचा आकडाच मोठा, म्हणजे दोष रिटर्नचा किंवा फार दाट फिल्टरचा. त्या घरी सप्लायचे डक्ट बदलून काही साधणार नाही.

लवचीक डक्ट वापरलात तर ताणून बसवा, झोळी पडू देऊ नका. कूलिंग कॉइल फर्नेसच्या पुढे, सप्लायच्या बाजूला असू द्या. मागे बसवली तर थंड, दमट हवा हीट एक्स्चेंजरवर जाऊन तो गंजतो. धुराड्याची नळी म्हणजे डक्ट नव्हे. उरलेला डक्टचा पत्रा तिथे जोडणं हा जिवाशी खेळ आहे. आणि फर्नेसचं दार उघडल्यावर ब्लोअर बंद करणारा सुरक्षा स्विच चिकटवून ठेवू नका. तुम्ही आत हात घातल्यावर तोच तुम्हाला वाचवतो, आणि दार नीट न बसवता फर्नेस चालू होऊ देत नाही.

हे सगळं करण्याआधी वीज आणि गॅसचा कॉक दोन्ही बंद. काम संपलं की एक चाचणी नक्की करा. खिडक्या-दारं लावा, घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे चालू करा, मग फर्नेस आणि गिझर पेटवा. पाचेक मिनिटांनी साध्या धुराड्याच्या ड्राफ्ट हूडशी, म्हणजे उपकरणाच्या वर धुराडं सुरू होतं तिथल्या उघड्या टोपीशी, धुराची कांडी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर फेकला जात असेल तर उपकरणं बंद करून तंत्रज्ञाला बोलवा. फर्नेसच्या खिडकीतून ज्योतही बघा. ब्लोअर सुरू होताच ती हलली किंवा पिवळी पडली तर हीट एक्स्चेंजरला तडा असू शकतो. अशा वेळी सांधे बंद करत बसू नका. गॅसची नळी, धुराडं आणि ज्वलनाचं मोजमाप ही कामंही परवानाधारक माणसाचीच.

निजायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. तो वाजला तर कारण शोधायला फर्नेसकडे जाऊ नका. मुलांना, म्हाताऱ्या माणसांना, सगळ्यांना घेऊन आधी घराबाहेर पडा आणि बाहेरूनच अग्निशमन दलाला फोन करा.