पेडल हळूच खाली जातंय? मग हलक्या पायाने तपासा

ब्रेकचं काम शिकायला लागलं की एक वाक्य सतत कानावर पडतं: "पेडल मऊ आहे ना, मग एअर काढ." मीही हेच ऐकत शिकलो, आणि अजूनही कुणी नव्या मुलाला एवढंच सांगून मोकळं होतं तेव्हा राग येतो. एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा, हे एक कारण आहे, मऊ पेडलचं एकमेव कारण नाही.

पाना उचलायच्या आधी पेडल नेमकं काय करतंय ते पायाला कळू द्या. दाबताना लवतंय, दोन-तीनदा मारलं की वर येऊन घट्ट होतंय, तर लाइनमध्ये हवा असण्याची शक्यता मोठी. पहिल्यांदा बरंच खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा मारलं की उंचावर कडक लागतं आणि लवत मात्र नाही, तर मागच्या ड्रममधले शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे तुकडे, जास्त आत राहिलेत का पाहा. हँडब्रेक ओढून पेडल दाबा. उंची सुधारली तर शू आणि ड्रममधलं अंतर लावणाऱ्या अ‍ॅडजस्टरकडे वळा, ब्रेक ऑइल वाया घालवू नका. लांब उतारानंतर मऊ पडतं आणि गाडी थंड झाली की पूर्ववत होतं, तर ऑइलने पाणी धरलंय. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंश धरली जाते. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि तुमच्या पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. आणि हो, पेडलवर पाय ठेवून इंजिन चालू केल्यावर ते थोडं खाली जातं, तो दोष नाही. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काम करतोय एवढाच त्याचा अर्थ.

आता तो चकवा, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं. पेडल सुरुवातीला वर आणि कडक असतं. पाय तसाच ठेवला की हळूहळू बसत जातं. बाहेर कुठे थेंब नाही, चाकं कोरडी, ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी जशीच्या तशी. एअर काढा, पुन्हा काढा, नवं ऑइल भरा, काही फरक नाही. कारण ऑइल बाहेर जातच नाही. पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल रेटणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत मागे सरकतं.

हे नीट समजून घ्या. मास्टरमधल्या पिस्टनवर रबरी कप असतो आणि त्याची कड सिलिंडरच्या भिंतीला टेकलेली असते. तुम्ही जोरात दाबता तेव्हा ऑइलचा दाबच त्या कडेला भिंतीवर रेटतो, त्यामुळे झिजलेला कपसुद्धा सील धरतो. हलकं दाबता तेव्हा दाब कमी, कड सैल, आणि ऑइल तिच्या बाजूने निसटून डब्याकडे परत जातं. म्हणून वर्कशॉपमध्ये दणकून पाय मारणाऱ्याला पेडल ठीक लागतं, आणि सिग्नलवर हलका पाय ठेवून थांबणारा गाडीचा मालक तक्रार करत राहतो. त्याचं ऐका. तो खोटं बोलत नाहीये.

तपासायची पद्धत साधी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत मारा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. मग सिग्नलवर ठेवतो तेवढाच हलका पाय ठेवा आणि धीर धरून तसाच राहू द्या. नंतर जोर वाढवून पाहा. हलक्या दाबात बसतं आणि जोरात टिकतं, तर संशय मास्टरवर. खात्रीसाठी मास्टरच्या आउटलेटना योग्य आट्यांचे प्लग लावा आणि आतली हवा काढा. तरीही पेडल बसलं तर मास्टरच दोषी. दगडासारखं टिकलं तर मास्टर सुटला. एकेक सर्किट, म्हणजे चाकांकडे जाणारी ऑइलची लाइन, जोडत पुढे जा. चाकांच्या बाजूलाही काही सापडलं नाही तर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस युनिटमधल्या व्हॉल्व्हचा विचार करा.

पातळी कमी होतेय आणि गळती दिसत नाही, तर मास्टर बूस्टरपासून थोडा सुटा करून मधली जागा बोटाने चाचपून बघा. मागचं सील गेलं की ऑइल थेट बूस्टरमध्ये शिरतं. ड्रममधले शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं धूळरबरही उचलून पाहा, ओल तिथेच लपते.

एअर काढताना हेल्परला पेडल तळापर्यंत दाबायला सांगू नका, विशेषतः जुन्या गाडीवर. रोजच्या वापरात कप जिथपर्यंत कधी जात नाही, तिथे गंज आणि मळ साचलेला असतो, त्यावरून घासून कप कापला जातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. ही गोष्ट जो उस्ताद न विचारता सांगतो, त्याच्याकडे टिकून राहा.

मास्टरला किट, म्हणजे नव्या रबरांचा संच, टाकावं की नवा बसवावा, यावर माझं मत ठाम आहे: आत खड्डे दिसले तर नवाच. पॉलिश पेपर मारून किट टाकणं हा शॉर्टकट मला मान्य नाही. नवा मास्टर बसवण्याआधी टेबलावर त्यातली हवा काढून घ्या. एअर काढूनही पेडल लवत राहिलं तर डिस्कवर पॅड दाबणारे कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल होऊन हवा काढायचे निप्पल खाली गेलेत का बघा, कारण हवा वरच राहते. एबीएस युनिटमध्ये अडकलेली हवा काही गाड्यांत स्कॅनरने पंप चालवल्याशिवाय निघतच नाही.

पहिल्या काही गाड्यांवर वेळ लागेल, लागू द्या. पायाची जाण हळूहळूच येते, सगळ्यांना येते. पण कारण सापडेपर्यंत गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नका, त्याने कितीही घाई केली तरी. काम झाल्यावर आधी उभ्या गाडीत हलका पाय आणि जोराचा पाय, दोन्ही. मग मोकळ्या जागेत अगदी कमी वेगात, हँडब्रेकवर हात ठेवून. परत आल्यावर प्रत्येक निप्पल आणि जोड कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा बघा, आणि डब्यातली पातळी खुणेशी ताडून झाकण लावा.